वर्षाचं भरायचं, पण कर्ज काढून?

"आक्का, मी अमळनेरचा, वय ३४. रोज गाडीने जळगावला अप-डाऊन करतो, एमआयडीसीत नोकरी आहे, हातात २६ हजार येतात. घरात आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं. किराण्यालाच महिन्याला साडेनऊ-दहा हजार जातात. साठा करून पैसे वाचवायचे व्हिडिओ मोबाईलवर बघितले आणि जूनमध्ये एका मोठ्या दुकानाच्या ऑफरमध्ये ११,४०० रुपयांचं सामान एकदम आणलं. १० किलो रवा, ८ किलो बेसन, १५ किलो मूग, नूडल्सची ३० पाकिटं, बाकी साबण-बिबण. नागपंचमीला रव्यात जाळं आणि मुगाला भोकं. बायको तेव्हापासून नीट बोलत नाही. आई रोज एकच वाक्य ऐकवते, 'मी तुले पह्यलेच सांगं व्हतं.' आता नीट करायचं ठरवलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पतसंस्थेतून ४० हजार काढून वर्षाचं सगळं भरून टाकावं म्हणतो. फायदा होईल ना? किती भरू? धान्यात कोणतं औषध टाकू? बायकोला कसं पटवू? आणि उरलेल्या ६ किलो मुगाचं काय करू?"

भाऊ, तू मला आक्का म्हटलंस म्हणून अरे-तुरेवर येते.

पतसंस्थेत जाऊ नकोस. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाच आणि गाडी पकड.

का ते सांगते. तुमच्या सहा माणसांना वर्षाला अडीच क्विंटल गहू लागेल, क्विंटलभर दादर (रब्बीची ज्वारी), ४० किलो तूरडाळ, १५ किलो हरभऱ्याची डाळ आणि मिरची-मसाला मिळून ६ किलो. हंगामात घेतलं तर दुकानापेक्षा गव्हात किलोमागे ५ रुपये सुटतील असं धर, दादरीत ६, तूरडाळीत २०, हरभराडाळीत १५, मिरचीत १००. मी तुझ्या बाजूने जरा सैलच धरतेय. गव्हाचे १,२५०, दादरीचे ६००, तुरीचे ८००, हरभऱ्याचे २२५, मिरचीचे ६००. बेरीज ३,४७५. आता ४० हजारांवर १४ टक्के दर आणि १२ हप्ते धरले तर व्याजच ३,१०० च्या घरात जातं. फॉर्मचे, शेअरचे पैसे वेगळे. हातात राहिले पावणेचारशे. पन्नास किलोच्या एका कट्ट्याला सोंडे लागले की तेही गेले आणि वर गाठचे गेले. हे भाव माझ्या अंदाजाचे आहेत, तू तुझ्या दुकानदाराचे घाल. आकडे बदलतील, पण फार काही वेगळं निघणार नाही.

साडेतीन हजार ऐकून तुझा चेहरा पडला असेल. व्हिडिओत निम्मा खर्च वाचतो म्हणून सांगतात. अरे, गहू-डाळ हा तसाही स्वस्तातला माल. तुझ्या साडेनऊ हजारांत खरं धान्य, डाळी आणि तेल किती आणि पाकिटं किती, हे एका रविवारी तीन महिन्यांच्या पावत्या पसरून बघ. एक रेघ मार, डावीकडे धान्य-डाळ-तेल-साखर-चहा, उजवीकडे बाकी सगळं. उजवी बाजू बघून तू गप्प बसशील. तिथे साठ्याचा काही उपयोग नाही, उलट साठा केला की ती बाजू फुगते. नूडल्सची ३० पाकिटं घरात आली तर पोरं आठवड्याला एक खायची ती चार खातात. साखरेचं तेच, बिस्किटाचं तेच. दिसलं की हात जातो. तुझ्या ११,४०० मधलं आता खरोखर उरलेलं आणि वापरता येण्याजोगं काय असेल तर साबण. साबण आणि कपड्याची पावडर मात्र खुशाल भर, त्याला कीड लागत नाही.

मग वर्षाचं भरूच नये का? भरावं. मी स्वतः भरते, माझ्या आईने भरलं, तुझ्या आईनेही भरलं असणार. पण आखाजीला एका दिवसात सगळं भरायचं हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला कळतं. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी, त्यामुळे वर्षाचे सगळे व्यवहार त्या दिवसाला बांधल्यासारखे वाटतात. घरच्या शेतातलं धान्य तोवर खळ्यातून घरात येऊन वाळलेलं असायचं, म्हणून आखाजीला कोठ्या भरलेल्या दिसायच्या. त्या दिवशी कोणी जाऊन विकत आणत नव्हतं. विकत घेणाऱ्याने प्रत्येक जिनसाच्या मागे त्याच्या वेळेला जायचं असतं.

आत्ता संक्रांत झालीय. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची लाल होऊन पडलीय, दोंडाईच्याला आवक आहे. मिरची या दोन महिन्यांत घे, देठ काढून ऊन दे, मसाला मात्र एप्रिलच्या उन्हात कर. तूर आता निघतेय, जळगावच्या डाळमिलांवर नवी डाळ फेब्रुवारीत येते, ती तेव्हा घे. दादर आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चचे. गहू मार्च-एप्रिलचा, लोकवन घे, आपल्या पोळीला तोच बरा. धणे, हळद, चिंच, लसूण हे त्याच आसपास. मग थेट पोळ्यानंतर नवा मूग आणि उडीद येतो, कळण्याच्या भाकरीसाठीचा उडीद तेव्हाच घ्यायचा. बाजरी दसरा-दिवाळीची. शेंगदाणे दिवाळीनंतरचे. गूळ थंडीतला. असं बघितलं तर सगळा खर्च एका महिन्यावर पडत नाही आणि कर्जाचा प्रश्नच उठत नाही. साबण-नूडल्सचे जे उधळलेस ते ११,४०० जूनमध्ये तुझ्याकडे होते ना? म्हणजे पैसा उभा करता येतो तुला.

पहिल्या वर्षी निम्माच कर. सव्वा क्विंटल गहू, अर्धा क्विंटल दादर, २० किलो तूरडाळ आणि मिरची. बाकी महिन्याचं महिन्याला आण, मुळीच लाजू नकोस. एवढं पावसाळाभर नीट टिकलं तर पुढच्या वर्षी वाढव.

भावाचं थोडं सांगते, कारण ऑफरमध्ये तू तिथेच फसलास. तूरडाळ स्वस्त की महाग हे ओळखायला माझा एक ठोकताळा आहे. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. ७२ धर. म्हणजे भरडायच्या आधीच डाळ किलोला १११ रुपयांना पडली. बाजारभाव हमीभावाच्या खाली असतो, कधी वरही असतो, त्याप्रमाणे हा आकडा हलेल. पण बाजारात तूर ज्या भावाने चाललीय त्या हिशेबाच्या खाली कोणी डाळ देत असेल तर ती जुनी आहे, फुटकी आहे किंवा तिच्यात दुसरंच काही मिसळलंय. मूठभर हातावर घेऊन नीट बघायचं.

दुसरं म्हणजे पाकिटावर आता किलोमागचा किंवा ग्रॅममागचा भाव छापलेला असतो, तो वाचायचा. 'दोनवर एक फुकट' हे मोठ्या अक्षरात असतं, हे बारीक अक्षरात. आणखी एक. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वरच्या कट्ट्यावर आणि सुट्या मालावर लागत नाही. बाजारात २६ किलोचे कट्टे का दिसायला लागले, त्याचं उत्तर हे आहे. तुला २६ किलो डाळ नको असेल तर शेजारी किंवा साल्याला भागीत घे. जळगावच्या दाणाबाजारातून आणायचं तर हमाली आणि रिक्षाभाडं त्या भावात मिळवून मग अमळनेरच्या दुकानदाराशी तुलना कर. अप-डाऊनच्या गाडीत पन्नास किलोचा कट्टा घेऊन चढायच्या भानगडीत पडू नकोस, लोक शिव्या घालतील.

तेलाचं मी तुला काय सांगावं, १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना ज्या गावात निघाला तिथला तू. तरी सांगते, कारण लिटर आणि किलोत भलेभले गडबडतात. एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. समज, लिटरची पिशवी १४० ला आहे आणि १५ किलोचा डबा २,२५० ला. डबा किलोला १५० पडला म्हणून तू पिशवी उचलशील. पण पिशवीतलं तेल किलोला १५४ पडलं. डब्यात साठएक रुपये सुटतात. आता उलट बाजू. सहा माणसांना डबा चार महिने जातो, आणि फोडलेल्या डब्यातलं शेंगदाणा तेल आपल्या उन्हाळ्यात चार महिने राहिलं तर खवट होणारच. शिवाय डबा भरलेला असला की फोडणी सढळ होते, पिशवी संपत आली की तीच फोडणी आपोआप आखडते. दोन घरांनी मिळून डबा घ्यावा, त्याच दिवशी निम्मा-निम्मा करावा. नाहीतर पिशवीच बरी.

आता खरी गोष्ट. माल आणणं अर्ध्या दिवसाचं काम, राखणं वर्षाचं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एरंडोलकडे राहायचो, धाब्याचं घर. सासऱ्यांनी गव्हाची तीन पोती आणली. मी आणि सासूबाईंनी निवडून धाब्यावर वाळत घातला. तिसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी आला, पाचच मिनिटांचा. धावतपळत गोळा केला, तरी एका कडेचा भिजला. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस ऊन दिलं, वरून हात फिरवला तर कोरडा लागला. आखाजीला नणंदा यायच्या होत्या, घर आवरायचं होतं, म्हणून दुपारी तीन वाजता, उन्हाने चटके बसत होते तशाच गरम गव्हाने मी कोठी भरली आणि झाकण लावून मोकळी झाले.

राखीच्या सुमाराला दळणाचा गहू काढायला हात घातला. वरचा गार होता. कोपरापर्यंत हात गेला आणि मी दचकले. आत गहू गरम होता, ताप आलेल्या पोराच्या पाठीसारखा. मूठ बाहेर काढली, तळहात उघडला, तर दोन दाणे चालायला लागले. नीट बघितलं तर सोंडे, तांबूस-काळे, पुढे बारीक सोंड. आणि वास, आंबूस, जुन्या पिठासारखा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप आणून माझ्यापुढे सरकवलं. तो पूर्ण आठवडा मी पाखडत होते. मणभर गहू शेवटी गुरांना गेला.

चूक कुठे झाली ते नंतर कळत गेलं. सोंडे बाहेरून उडत येऊन कोठीत शिरतात असं आपल्याला वाटतं. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, वरून काही दिसत नाही. म्हणजे गहू बाजारातून येतो तेव्हाच त्यात काही दाणे असे असतात. उन्हाळ्यातल्या कडक, कोरड्या दाण्यात ते फारसे वाढत नाहीत, ओलावा मिळाला की धरतात. धान्यात ओल १२ टक्क्यांच्या खाली हवी म्हणतात, आपल्या घरात मोजायचं यंत्र नाही, पण दात आहेत. दाणा दाढेखाली धर. 'कट्' वाजून दोन तुकडे झाले तर भर, दबून चपटा झाला तर अजून दोन उन्हं दे. आपल्या भुसावळ-जळगावच्या ४३-४४ अंशांचं ऊन याच्याइतकं दुसरं औषध नाही, आणि ते फुकट आहे. जाड थर नको, पातळ पसर, दुपारी एकदा हात फिरव. आणि गरम भरू नकोस. बंद कोठीत गरम धान्य रात्री निवतं तेव्हा त्याचीच वाफ झाकणाला आतून धरते आणि वरच्या थरावर उतरते. संध्याकाळी घरात आणून चादरीवर पसर, सकाळी भर.

कोठी भिंतीला चिकटवायची नाही, वीतभर अंतर. खाली विटा किंवा फळी. आधी जुनं धान्य पूर्ण काढून कोठी रिकामी करून पुसायची, तळातल्या कोपऱ्यात अडकलेले चार दाणे नव्या गव्हाला नासवतात. महिन्याचा गहू वेगळ्या डब्यात काढून घ्यायचा, कोठीचं झाकण महिन्यातून एकदाच उघडायचं. पावसाच्या दिवशी तर उघडायचंच नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून थराथरात घाल, ओला घातलास तर त्याचीच ओल लागेल. पाल्याने थोडा फरक पडतो, पण पाला घातला म्हणून ऊन वाचवता येत नाही.

औषध कोणतं टाकू, असं विचारलंस. कोणतंही नको. बोरिक पावडर लोक तांदळा-गव्हाला चोळतात, ती खायची वस्तू नाही, धुऊनही पूर्ण जाते याची खात्री कोण देतो? पाऱ्याच्या गोळ्या तर लहान पोरांच्या घरात आणूच नकोस. आणि धान्यात ठेवायची ती विषारी गोळी, कृषी सेवा केंद्रात मिळणारी, तिचं नाव जरी कोणी काढलं तरी उठून निघून ये. तिला हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. ती बंदिस्त गोदामासाठी आहे, हाताळायला शिकलेल्या माणसासाठी. तुमच्या दोन-अडीच खोल्यांत, जिथे कोठीशेजारी पोरं झोपतात, तिथे तिचं काही काम नाही. अशा गोळ्यांनी झोपेत माणसं गेलेली आहेत.

अख्ख्या कडधान्याला एरंडेल चालतं. मूग, मटकी, चवळी वर्षाची ठेवायची असेल तर ऊन देऊन निववल्यावर किलोला छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिलीच्या आसपास, एरंडेल हाताला घेऊन दाण्याला चोळायचं. जास्त नको, नाहीतर उसळीला वास येतो. जुन्या बायका उडदात चाळलेली राख मिसळायच्या, तेही चालतं, फक्त राख आता मिळते कुठे. डाळीला अख्ख्या मुगाइतका भुंगा लागत नाही, म्हणून साठवायला डाळ सोपी. तू नेमका १५ किलो अख्खा मूग आणलास, तोही जून महिन्यात, तोही ऊन न देता. रवा आणि बेसन तर कधीच महिन्यापलीकडचे घेऊ नकोस. दाणा फुटला की त्याचं कवच गेलं, आतलं तेल उघडं पडलं, कीड आणि खवटपणा दोघांनाही दार उघडं. हरभऱ्याची डाळ ठेव, लागेल तसं चक्कीवरून बेसन आण. बाजरी दाणा म्हणून टिकते, पण पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडवट होतं. बट्टीचं जाडं पीठही थोडं थोडंच दळून आण. शेंगदाणे महिन्या-दोन महिन्यांचे बस, काळपट किंवा बुरशी आलेला दाणा पोरांच्या हाती लागू देऊ नको.

बायकोला कसं पटवू, म्हणतोस. पटवू नकोस, विचार.

पत्रात ११,४०० चा आकडा आहे, रव्याचा आहे, मुगाचा आहे. हे सामान ठेवायचं कुठे असं तिला विचारलं होतं, असं एक वाक्य नाही. जूनच्या दमट हवेत तिच्या ओट्याखाली तू गोदाम आणून लावलंस आणि रोज सकाळी आठच्या गाडीने निघून गेलास. रव्यातलं जाळं कोणी चाळलं? मुगातले भुंगे कोणी काढले, कुबट वास कोणी सोसला? ती पैशासाठी रुसली असेल असं मला वाटत नाही.

हिशेब मांडताना मी साडेतीन हजार वाचतात म्हणाले ना, त्यात निवडण्याची, वाळवण्याची, चाळण्याची मजुरी धरलेलीच नाही. पन्नास किलोचा एक कट्टा निवडायला मला दोन-तीन दुपारी लागतात, पाठ धरते ती वेगळी. अडीच क्विंटल म्हणजे पाच कट्टे. धाब्यावर किंवा गच्चीवर नेणं-आणणं, उन्हात राखण बसणं, कबुतरं हाकणं. हे तू करणार असशील तर ते साडेतीन हजार तुझे. बायको आणि आई करणार असतील तर त्यांचे, आणि ते त्यांच्याच हातात द्यायचे. मशीन क्लीन गहू किलोला दोन-चार रुपये जास्त असतो, पण तोच घे. त्यात बचत थोडी कमी होईल, घरातलं वातावरण मात्र बरं राहील.

आणि आई. तिचं ते वाक्य तुला टोमणा वाटतो, आहेच तो. पण वर्षाचं धान्य राखायचं कसं हे तुमच्या घरात एकट्या तिला येतं. व्हिडिओवाल्याला अमळनेरचा श्रावण माहीत नाही, तिला माहीत आहे. तिला विचार की तिच्या वेळेला मूग कशात ठेवायची. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड यांचंही तिलाच विचार. विकतच्या पापडाचा किलोचा भाव आणि उडदाचा भाव एकमेकांशेजारी लिहून बघ, गव्हापेक्षा जास्त पैसे तिथे सुटतात. पण ते लाटायलाही हात लागतात, आणि ते हात कोणाचे हे पुन्हा मी लिहीत नाही.

पैशाचं असं कर. पगाराच्या दिवशी १,५०० रुपये वेगळ्या डब्यात टाक, त्यावर 'दाणे' असं लिही, डबा बायकोजवळ दे. हा महिना मिरचीचा. पुढच्या महिन्यात त्यात थोडी भर घालून तूरडाळ. महिन्याच्या किराण्यातून तेवढा जिन्नस कमी होईल तो पुढच्या डब्यात जाईल. गव्हाच्या वेळेला चार-साडेचार हजार एकदम लागतील, तेवढे तोवर साठले नाहीत तर सव्वा क्विंटलाऐवजी पाऊण घे. कोणी परीक्षा घेत नाहीये.

कोठी नवी घ्यायची असेल तर पत्र्याची दोन क्विंटलची पुरेल. खाली धान्य काढायची खिडकी असलेली बघ, जुनं आधी निघतं. झाकणाची कड आतून हात फिरवून बघ, कुठे उंचावलेली नको. गावात आईकडची जुनी पडलेली असेल तर तीच घासून उन्हात दोन दिवस उपडी ठेव, नवी घेण्याची घाई नको.

राहिला ६ किलो मूग. आधी बारीक चाळणीने चाळ, भुंगे आणि पीठ खाली पडेल. मग परातीत पाणी घेऊन मूठमूठ टाक, पोकळ झालेले दाणे वर येतील, ते काढून टाक. खाली बसलेले हातात घेऊन बघ. दाण्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं आहे, असे दाणे फार असतील तर सगळाच मूग कोणाच्या कोंबड्यांना दे, जीव जाळू नकोस. ठिपके तुरळक असतील तर ते वेचून काढ, बाकी त्याच दिवशी निथळून कडक उन्हात तीन उन्हं वाळव, आणि दोन महिन्यांत संपव. भरडून डाळ केलीस तर रात्रीच्या खिचडीत संपून जाईल, अमळनेरात खिचडीला नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. हे चाळण्या-वेचण्याचं काम येत्या रविवारी तू कर. बायकोला त्या दिवशी माहेरी किंवा बाजारात जाऊ दे.